घाटमाथ्यावरील रेल्वे स्थानक : इगतपुरी

(इयत्ता चौथी व पाचवीच्या भूगोलासाठी मार्गदर्शक पाठ)

प्रास्ताविक

मालेगाव शहरास रेल्वे स्थानक नाही. येथील मुलास आगगाडी पाहावयाची असेल, तर सुमारे चाळीस किलोमीटरांवरील मनमाडास जावे लागते. त्यामुळे खेड्यातील पुष्कळ मुलांना स्थानक म्हणजे मनमाड, आणि मनमाड म्हणजे सपाट मैदानावरील रुळांचे मोठे जाळे, एवढेच ठाऊक असते. आगगाडी डोंगर कसा चढते, हा प्रश्न त्यांच्या मनात सहसा उद्भवत नाही. परंतु आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, मालेगावापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, असे एक स्थानक आहे की, जे डोंगर नसता तर कदाचित तेथे झालेच नसते. ते स्थानक म्हणजे इगतपुरी.

इगतपुरीचा धडा शिकविताना तेथील हवा, पाऊस व धबधबे यांचे वर्णन करून थांबण्याची प्रवृत्ती दिसते. वर्णन अवश्य करावे. पण भूगोलाच्या शिक्षणाचे खरे फळ म्हणजे, "हे येथेच का?" असा प्रश्न मुलाने स्वतः होऊन विचारणे. त्या दृष्टीने पुढील पाठाची मांडणी केली आहे. सुमारे तीन तासिकांत तो पूर्ण होऊ शकेल.

पाठाचा हेतू

१. सह्याद्रीचा घाटमाथा व त्याखालील कोकण यांच्या उंचीतील फरक मुलांच्या ध्यानी आणून देणे.
२. चढ कसा मोजतात, हे प्रात्यक्षिकाने समजावणे.
३. एखादे गाव किंवा स्थानक विशिष्ट जागीच का वसते, आणि कारण बदलले म्हणजे त्याचे काय होते, याचा विचार करावयास लावणे.

साहित्य

नाशिक जिल्ह्याचा नकाशा, महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा, सुमारे दोन मीटर लांबीची गुळगुळीत फळी, मापपट्टी, एक गोटी, सुतळी, ओली माती. यांपैकी कोणतीही वस्तू विकत आणण्याची गरज नाही. नकाशा नसल्यास जिल्ह्याची आकृती अंगणात खडूने किंवा रांगोळीने काढावी.

विषयप्रवेश

मुलांच्या अनुभवापासून आरंभ करावा. भरलेली बैलगाडी चढावर आली म्हणजे गाडीवान काय करतो? पुढे आणखी एक बैलजोडी जुंपतो, किंवा चार माणसे मागून रेटा देतात, किंवा थोडा माल उतरवितात. ही तिन्ही उत्तरे मुलांकडूनच काढून घ्यावी व फळ्यावर लिहून ठेवावी. आगगाडीच्या बाबतीत यांतील कोणते उत्तर लागू पडते, हे पाठाच्या ओघात त्यांना आपोआप कळेल.

विवेचन : पहिला टप्पा – चढ

नकाशावर मुंबई, कल्याण, कसारा, इगतपुरी, नाशिक व मनमाड ही ठिकाणे क्रमाने दाखवावी. कसारा घाटाच्या पायथ्याशी आहे. इगतपुरी माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून कसाऱ्याची उंची ढोबळमानाने तीनशे मीटर, तर इगतपुरीची सहाशे मीटर धरावी. या दोहोंमधील घाटास थळ घाट म्हणतात. लोकांच्या बोलण्यात त्यास कसारा घाट असेही नाव आहे. लोहमार्गाने हे अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे आणि तेवढ्यात गाडीस जवळजवळ २९६ मीटर वर चढावे लागते.

येथे प्रात्यक्षिक करावे. १८५ सेंटिमीटर लांबीची फळी जमिनीवर ठेवून तिचे एक टोक केवळ ५ सेंटिमीटर उचलावे. फळी जवळजवळ आडवीच दिसेल आणि मुले हसतील. मग तिच्यावर गोटी ठेवावी. गोटी घरंगळू लागेल. शिक्षकाने सांगावे की, घाटातील सर्वांत तीव्र चढ एवढाच आहे : ३७ मीटर पुढे गेले म्हणजे १ मीटर वर. बैलास हा चढ जाणवणारही नाही. पण पोलादी चाक पोलादी रुळावरून फार सहज सरकते. सपाट जागी हा गुण उपकारक ठरतो, कारण थोड्या जोराने पुष्कळ भार ओढता येतो. चढावर तोच गुण अडचण होतो. चाकास पकड मिळत नाही. या चढावर उभी असलेली एक हजार टन वजनाची गाडी जणू २७ टनांचा भार मागे टांगल्याप्रमाणे खाली खेचली जात असते.

पाचवीच्या मुलांकडून पुढील हिशेब करवून घ्यावा. ३७ मीटरांस १ मीटर या प्रमाणात २९६ मीटर चढावयाचे, तर किती लांबीचा मार्ग लागेल? उत्तर १०,९५२ मीटर, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. मग प्रत्यक्षात मार्ग १५ किलोमीटर का? कारण सर्वत्र चढ सारखा तीव्र नाही. कोठे सौम्य आहे, आणि डोंगराच्या कडेने वळणे घेत जावे लागते. सरासरी काढली तर सुमारे ५० मीटरांस १ मीटर चढ येतो. गणित व भूगोल हे दोन निराळे विषय नव्हेत, हे अशा उदाहरणाने मुलांस सहज पटते.

दुसरा टप्पा – वर रूळ, खाली रूळ, मध्ये डोंगर

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणास पोहोचले व १८६१ च्या जानेवारीत कसाऱ्यास. त्याच महिन्यात घाटाच्या वर इगतपुरीपासून नाशिकपर्यंतचा मार्गही सुरू झाला, आणि त्याच वर्षी तो मनमाडवरून चाळीसगावापर्यंत गेला. परंतु कसारा ते इगतपुरी हा घाटातील दुवा १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. म्हणजे जवळजवळ चार वर्षे खाली आगगाडी होती, वर आगगाडी होती आणि मध्ये डोंगर होता. प्रवाशास कसाऱ्यास उतरून रस्त्याने घाट चढावा लागे आणि इगतपुरीस पुन्हा गाडीत बसावे लागे.

येथे शिक्षकाने थांबून एक प्रश्न टाकावा : घाटात रूळ नव्हते, तर इगतपुरीच्या वरच्या मार्गावर धावणारी इंजिने, रूळ व डबे वर आले कसे? मुले विचार करतील. घाटाचा रस्ता हा एकच मार्ग होता, हे त्यांना उमगेल. तो रस्ता म्हणजेच मुंबई–आग्रा रस्ता. जो पुढे नाशिक, चांदवड व मालेगाव यांवरून धुळ्याकडे जातो. याच रस्त्याने उत्तरेकडील विणकरांची कुटुंबे मालेगावास येऊन वसली आणि आज येथील मागांवरील कापड याच रस्त्याने बाहेर जाते. मालेगावच्या मुलास थळ घाट दूरचा वाटतो. पण मुंबईस जाणारा त्याच्या गावचा ट्रक तोच घाट उतरतो.

या चार वर्षांना आणखी एक महत्त्व आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाल्यामुळे खानदेशच्या कापसास मोठी मागणी आली. कापसाचा भाव चढत होता आणि घाटाचे काम मात्र डोंगराच्या गतीने चालले होते. घाटातून गाडी धावू लागली त्याच वर्षी युद्ध संपले व कापसाचा भाव कोसळला. वाहतुकीची सोय आणि बाजाराची गरज नेहमी एकाच वेळी येतात असे नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मुलास सांगण्याजोगी आहे.

घाटाच्या बांधणीची माहिती थोडक्यात द्यावी. मूळ मार्गावर १३ बोगदे होते. एहेगावजवळचा पूल दरीच्या तळापासून ५० मीटरांहून अधिक उंच आहे. आरंभी घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून तिची दिशा उलट करीत व मग ती पुढचा चढ चढे. डोंगरात वळण घेण्यास जागा नसली म्हणजे हा उपाय योजीत. ही पद्धत पुढे काढून टाकण्यात आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले हे १८६२ मध्येच निवर्तले. घाट पूर्ण झालेला त्यांनी पाहिला नाही. सुरुंग लावणारे, दगड फोडणारे व डोक्यावरून माती वाहणारे हजारो मजूर मात्र आपल्याच मुलखातील होते. पटकी, हिवताप व अपघात यांत त्यांपैकी कितीतरी दगावले. बर्कले यांचे नाव पुस्तकात आहे. या मजुरांपैकी बहुतेकांचे नाव कोठेही नाही.

तिसरा टप्पा – स्थानकाचे कार्य

आता मूळ प्रश्नाकडे यावे : स्थानक इगतपुरीसच का? बैलगाडीची फळ्यावरील उत्तरे पुन्हा वाचून दाखवावी. आगगाडीही तोच उपाय करते. कसाऱ्यास गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. त्यांना बँकर इंजिन म्हणतात. ती गाडीस मागून रेटा देतात आणि इगतपुरीस पोहोचताच सोडली जातात. ती पुढे न जोडता मागे का जोडतात, हे मुलांना विचारावे. कारणे दोन. सर्व ओढ पुढूनच दिली, तर डब्यांमधील जोडण्यांवर फार ताण येतो. आणि एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे उताराकडे निसटू न देता अडवून धरणारे इंजिन मागे असते.

उतरणाऱ्या गाडीची काळजी याहून अधिक. चढताना इंजिन कमी पडले तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबत नाही. म्हणून घाट उतरण्यापूर्वी इगतपुरीस ब्रेकची तपासणी होते. शिवाय घाटात मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत जाणारे आखूड रूळ टाकलेले असतात. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. आवरेनाशी झालेली गाडी त्यांवर वळविली म्हणजे चढ लागून ती स्वतःच थांबते. फळीच्या टोकाशी ओल्या मातीचा उलटा चढ करून गोटीने हे दाखविता येईल.

इंजिने जोडावयाची, सोडावयाची, त्यांना कोळसा–पाणी द्यावयाचे, दुरुस्त करावयाचे; या कामांसाठी माणसे लागली. कारखाना आला, घरे आली, बाजार आला. अशा रीतीने एका लहान घाटमाथ्याच्या वस्तीचे रेल्वेचे गाव झाले. इगतपुरीस आधी मोठी वस्ती होती म्हणून तेथे मोठे स्थानक आले नाही. तेथे चढ संपत होता म्हणून स्थानक आले आणि मग वस्ती वाढली.

या ठिकाणी नकाशाचा आणखी एक उपयोग करावा. इगतपुरीच्या पश्चिमेस घाटाखाली पडलेले पाणी भातसा नदीत जाऊन अखेर अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस पडलेले पाणी दारणेतून गोदावरीत व तेथून बंगालच्या उपसागरास जाते. आपल्या मोसम व गिरणा नद्यांचे पाणी तर तापीत जाते. एकाच जिल्ह्यातील पाणी असे निरनिराळ्या वाटांनी निघून जाते. पावसाचीही तीच तऱ्हा. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर, तर मालेगावास सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका जिल्ह्यातील दोन मुले आपापल्या वहीत पावसाळ्याचे चित्र काढतील, तर ती दोन चित्रे सारखी असणार नाहीत.

चौथा टप्पा – आल्प्स पर्वतातील भावंड

१९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. मालगाड्यांसाठी आणलेल्या या इंजिनांची पहिली काही स्वित्झर्लंड देशातील विंटरथूर येथे व बाकीची इंग्लंडमध्ये बांधली गेली. त्यांचा सांगाडा तीन भागांचा व सांधेदार असल्यामुळे ती वळणे सहज घेत. रेल्वेचे कामगार त्यांना "खेकडा" म्हणत. विंटरथूरच्याच कारखान्यात याआधी स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड घाटासाठी तशाच घडणीची इंजिने तयार झाली होती. तेथील लोकांनी त्यांना "मगर" हे नाव दिले. आपल्या खेकड्यांपैकी "सर लेस्ली विल्सन" नावाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केले आहे.

ज्या घाटासाठी मगर घडली, तो घाट आल्प्स पर्वतात आहे. तेथेही सर्वांत तीव्र चढ जवळजवळ आपल्याइतकाच, म्हणजे ३७ मीटरांस १ मीटर आहे. दोन देशांतील अभियंत्यांनी निरनिराळ्या पर्वतांत एकच प्रमाण स्वीकारले. कारण लोखंडावरील लोखंडाची पकड सर्वत्र सारखीच असते. तेथील मार्ग १८८२ मध्ये पूर्ण झाला. चढ सौम्य राखण्यासाठी तो डोंगराच्या पोटात गोल फिरून वर येतो. त्यामुळे वासेन नावाच्या खेड्यातील चर्च प्रवाशास तीन निरनिराळ्या उंचींवरून तीनदा दिसते. माथ्याखालून १५ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदला आहे. त्याच्या उत्तर तोंडाशी ग्योशेनेन व दक्षिण तोंडाशी ऐरोलो ही लहान डोंगरी खेडी असून दोन्ही ठिकाणी स्थानके आहेत. ग्योशेनेन समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथेही इगतपुरीप्रमाणेच चढाने स्थानक आणले व स्थानकाने गाव वाढविले.

त्या बोगद्याच्या कामात सुमारे दोनशे मजूर मरण पावले. ऐरोलोच्या स्थानकाजवळ त्यांच्या स्मरणार्थ एक शिल्प बसविले आहे. मृत सोबत्यास झोळीवरून वाहून नेणारे मजूर त्यात कोरले आहेत. ते व्हिन्चेन्झो व्हेला या शिल्पकाराचे असून १९३२ मध्ये तेथे बसविण्यात आले. शिक्षकाने हे चित्र शब्दांनी उभे करावे आणि मग थळ घाटातील मजुरांची आठवण द्यावी. मुले स्वतःच विचारतील की, आपल्या घाटातील माणसांचे शिल्प कोठे आहे? या प्रश्नास घाईने उत्तर देऊ नये. तो त्यांच्या मनात राहू द्यावा.

पाचवा टप्पा – कारण बदलते तेव्हा

१८६५ साली इगतपुरीस गाडी थांबण्याचे कारण चढ होते. पुढे आणखी एक कारण आले. मुंबईकडील विजेचा प्रवाह एका प्रकारचा व इगतपुरीच्या पुढचा दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे येथे इंजिन बदलावे लागे. नंतर दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिने निघाली, आणि २०१५ पर्यंत मध्य रेल्वेच्या मुंबई–इगतपुरी या मुख्य मार्गावर एकच, २५,००० व्होल्टचा प्रवाह आला. ते कारण संपले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–शिर्डी वंदे भारत गाडी तर बँकर इंजिनाशिवायच घाट चढते. कारण तिच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत. आल्प्समध्येही असेच घडले. २०१६ मध्ये गोटहार्डच्या तळातून ५७ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा सुरू झाला. बहुतेक वेगवान गाड्या आता डोंगर चढतच नाहीत. ग्योशेनेनच्या जुन्या मार्गाने मुख्यतः स्थानिक गाड्या जातात.

इगतपुरीस आजही पुष्कळ गाड्या थांबतात व बँकर इंजिनांची ये-जाही चालू आहे. पण गावाने इतर कामेही शोधली आहेत. १९७६ पासून तेथे विपश्यनेचे केंद्र चालू आहे. पावसाळ्यात प्रवासी येतात. जे गाव एकाच कारणावर अवलंबून असते, त्यास ते कारण बदलले की नवा विचार करावा लागतो. हातमाग जाऊन यंत्रमाग आल्याची गोष्ट ज्या घरांत सांगितली जाते, त्या मालेगावच्या मुलांस हे समजावून देणे अवघड नाही.

आपल्या तालुक्याशी संबंध

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. हा मार्ग मालेगाव व धुळे यांवरून नियोजित आहे. म्हणजे आज चौथीत बसलेल्या मुलांपैकी अनेकांच्या डोळ्यांदेखत या भागात रूळ पडण्याचा संभव आहे. कोणाच्या शेतातून मार्ग जाईल, स्थानक गावाच्या कोणत्या बाजूस होईल, बाजार कोठे सरकेल, कोणाचा धंदा वाढेल व कोणाचा बसेल, या गोष्टींची चर्चा त्यांच्या घरोघरी होईल. इगतपुरीचा धडा ज्यास नीट समजला, तो त्या चर्चेत केवळ ऐकणारा राहणार नाही. तो विचारील : स्थानक येथेच का? आणि ते कारण किती वर्षे टिकेल?

फळ्यावरील सारांश

कसारा (पायथा) – १५ किलोमीटर – इगतपुरी (माथा).
चढाई सुमारे २९६ मीटर. तीव्र चढ ३७ मीटरांस १ मीटर.
वरचा व खालचा मार्ग १८६१, घाटमार्ग १८६५.
चढ → जादा इंजिन → थांबा → कामगार → गाव.

स्वाध्याय

१. गावातील किंवा शेताकडील एखाद्या रस्त्याचा चढ सुतळी व मापपट्टीने मोजा. किती मीटरांस एक मीटर येतो, ते लिहा.
२. बँकर इंजिन गाडीच्या मागे का जोडतात? दोन कारणे लिहा.
३. रेल्वे स्थानकाच्या नावाच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मनमाडास जाणाऱ्या वडील माणसांकडून तेथील उंची विचारून आणा व इगतपुरीच्या उंचीशी ताडून पाहा.
४. आपले गाव याच जागी का वसले असावे? नदी, रस्ता, विहीर, बाजार यांपैकी कोणते कारण लागू पडते, ते गावातील वृद्धांना विचारून दहा ओळी लिहा.
५. आपल्या गावात लोकांच्या श्रमाने झालेली एखादी विहीर, बंधारा किंवा रस्ता निवडा. त्यावर काम केलेल्या माणसांची नावे मिळतील तितकी जमवा.

शिक्षकांसाठी सूचना

पाचव्या स्वाध्यायात जमलेली नावे शाळेच्या एका वहीत शाईने लिहून ठेवावी व दरवर्षी तीत भर घालावी. चौथ्या स्वाध्यायातील उत्तरांत मतभेद दिसल्यास ते खोडू नयेत. दोन्ही मते वर्गात वाचावी आणि आधार कोणाचा बळकट आहे, याचा निर्णय मुलांवर सोपवावा. परीक्षेत या पाठावर प्रश्न काढताना सनावळी विचारण्यापेक्षा कारणे विचारावी. सन विसरला तर पुस्तकात सापडतो. कारण शोधण्याची सवय मात्र शाळेत लागली नाही, तर पुढे लागणे कठीण असते.